आजी-माजी मेळाव्यात मिळालेली शाल

"तुम्ही फक्त हो म्हणा," असं तो टक्कल पडलेला माणूस भरल्या मांडवात मला म्हणाला, तेव्हा माझ्या अंगावर नवी शाल होती, एका हातात नारळ, दुसऱ्या हातात माइक आणि पोटात अख्खं तंबाखूचं पान. पान मी नुकतंच गिळलं होतं. गिळायचं नव्हतं, पण स्टेजवर थुंकायला जागा नव्हती. डोकं गरगरत होतं. समोर कॉलेजची सगळी माणसं बसली होती आणि त्यांच्यात माझी नात कुंदा ओढणीत तोंड खुपसून बसली होती.

मी त्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघितलं. वय साठीला टेकलेलं. डोक्यावर केस होते ते फक्त कानांच्या वर, तेही पांढरे. मी माइक तोंडाजवळ घेतला आणि म्हणाले, "हो कसं म्हणू? घरात आरसा हाय का न्हाय?"

मांडवात मागे एक पोरगं फिसकन हसलं आणि मग सगळा मांडव हसला. नारळ माझ्या हातातून सुटला आणि प्राचार्यांच्या पायावर पडला.

हे असं का झालं ते पहिल्यापासून सांगते. आमच्या गावच्या बायकांनी बारामती बघितली आहे ती दवाखान्यासाठी आणि लग्नाच्या बस्त्यासाठी. कॉलेजच्या आत कुणी गेलेलं नाही. आत काय असतं, असं जी ती मला विचारते. सारखं सारखं सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहून ठेवते. माझी शाळा चौथीपर्यंत. कुंदा म्हणाली, मी तपासून देते. मी म्हटलं, यात तुझंच नाव आहे, तू तपासू नकोस.

निमगाव केतकी

आमच्या घरी पूर्वी मेंढरं होती. सासऱ्यांनी ती विकून जमीन केली. आता ऊस आहे आणि विहिरीजवळ थोडा पानमळा. पानमळ्यामुळे मला पानाची सवय लागली, ती पुढे नडली.

कुंदा माझ्या मुलाची, अंकुशची मुलगी. बारामतीच्या कॉलेजात बीएस्सी झाली. वनस्पतींचं शिकली. पास होऊन दोन वर्षं झाली, तेव्हापासून घरीच होती. तिच्यासाठी बावड्याचं स्थळ आलं होतं. बघून गेले होते, पसंत आहे म्हणाले होते, आणि पुढच्या सोमवारी सुपारी फोडायला येणार होते. सुपारी फुटली की मग मागे फिरता येत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

स्थळ चांगलं आहे असं सगळे म्हणत. बघायला आले तेव्हा ते लोक जास्त वेळ ट्रॅक्टरबद्दलच बोलत होते. दोन ट्रॅक्टर आहेत त्यांच्याकडे. मुलाची आई कुंदाला काही विचारेल असं वाटलं होतं, पण तिने अंकुशलाच विचारलं, "भाकरी करती न्हवं?"

"करती की," अंकुश म्हणाला.

मी गप्प बसले. कुंदाची भाकरी मी खाल्लेली आहे. एका अंगाला कच्ची, दुसऱ्या अंगाला कोळसा, आणि मधे आपली उशीसारखी जाड. कुत्र्याला टाकली तर ते आधी आपल्याकडे बघतं.

ते लोक बघून गेल्यावर चार दिवसांनी अंकुश गोठ्यात माझ्यामागे आला.

"आये, पोरीचं कायतरी हाय."

"काय हाय?"

"दुकानातनं फोनवर कुणाशी तरी बोलत हुती. दुकानदारानं ऐकलं. म्हणाली, सर हो म्हणाले की झालं, घरच्यांचं मी बघते."

"कोण सर?"

"ते कळलं असतं तर तुला कशाला सांगत बसलो असतो?"

अंकुशचं तोंड उतरलं होतं. बावड्याच्या लोकांना कळलं तर सुपारी राहिलीच बाजूला, तालुक्यात तोंड दाखवायला जागा राहणार नाही, असं त्याचं म्हणणं. पोरीला विचारलं तर ती सांगणार नाही, मारलं तर मुळीच सांगणार नाही. ती माझ्यावर गेली आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेत होते आणि पुढ्यात पेपर पडला होता. मी पेपर वाचते, पण बोट ठेवून वाचते, म्हणून सगळा वाचून होत नाही. बोट ठेवलं तिथंच बारामतीच्या कॉलेजचं नाव होतं आणि खाली छापलं होतं, येत्या रविवारी आजी-माजी विद्यार्थी मेळावा.

आता आमच्याकडे 'माझी' असं कुणी म्हणत नाही, 'माजी' म्हणतात. माजी गाय, माजी सून. त्यामुळे मी ते वाचलं ते असं: आजी, माजी विद्यार्थी. म्हणजे पोरांच्या आज्यांना बोलावलं आहे आणि पोरांना बोलावलं आहे. मला नवल वाटलं. कुंदाला हाक मारली.

"कुंदे, ह्यात आज्यांना बोलावलंय का गं?"

तिने पेपर हातात घेतला. बराच वेळ बघितला. म्हणाली, "दिसतंय तर तसंच."

"आज्यांना कशाला?"

"मान द्यायला. आईबापांना तर सगळीच बोलावत्यात."

"न्हाय गेलं तर?"

"वाईट दिसंल, आजे. पेपरात दिलंय म्हणल्यावर."

तो पेपर माझ्या पुढ्यात कुणी ठेवला, तेही बरोबर ते पान वर करून, याचा विचार मी त्या वेळी केला नाही. मला वाटलं, बरं झालं. मी अंकुशला सांगितलं, "मी पोरीसंगं जाते. त्यो सर कोण हाय ते हुडकते, आन सोमवारच्या आत त्याचा निकाल लावून येते." अंकुशला ते एकदम पसंत पडलं. अशी मी राखण म्हणून निघाले.

वाटेत

शनिवारी दुपारच्या एसटीने निघालो. लासुर्णे गेल्यावर पुढे उसाच्या ट्रॉल्या लागल्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ट्रॉलीतून ऊस रस्त्यावर लोंबतोय, आणि मागे आमची गाडी बैलगाडीच्या चालीनं. वाटेत कारखाना आहे. त्याच्या मळीचा वास गाडीत शिरला की अनोळखी माणूस नाकाला रुमाल लावतो, त्यावरून बाहेरगावचं कोण आणि इकडचं कोण ते कळतं.

एके ठिकाणी ट्रॉली आमच्या खिडकीला अगदी चिकटून थांबली. मी गजातून हात घालून एक ऊस धरला आणि ओढला. तो निघाला, पण फार लांब निघाला. अर्धा गाडीत, अर्धा बाहेर. तेवढ्यात गाडी हलली. आतलं टोक वळलं आणि पुढच्या बाकावरच्या माणसाच्या टोपीखाली गेलं. टोपी खिडकीतून बाहेर.

कंडक्टर आला. "आजी, ऊस टाका बाहेर."

"तिकीट काढते की त्याचं."

"उसाला तिकीट न्हाय."

"मग फुकट येऊ दे."

मी टोपीवाल्याला कांडं मोडून दिलं, ते त्याने बारामतीपर्यंत खाल्लं. कुंदा मात्र दुसरीकडे तोंड करून बसली होती. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. सरांना भेटायला निघालेली पोरगी जशी दिसते तशी ती दिसत नव्हती. पावडर नव्हती, गजरा नव्हता. नखं मात्र कुरतडत होती.

मुलींचं वसतिगृह

रात्री आम्ही कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात राहिलो. कुंदा तिथं तीन वर्षं होती, म्हणून रेक्टरबाईंनी खोली दिली. फाटकावर पाटी आहे, पुरुषांना आत येण्यास मनाई. ती वाचून मला बरं वाटलं. म्हटलं, सर इथं तरी यायचा नाही.

तिथली रीत सांगते. आपल्याकडे सगळ्यांचं जेवण झाल्यावर उरलं तर पोरीबाळी जेवतात. तिथं पोरी आधी जेवतात आणि वर जेवणाला नावं ठेवतात. आमटी पाण्यासारखी आहे, असं एक पोरगी स्वयंपाकवाल्या बाईला तोंडावर म्हणाली आणि बाईनं ऐकून घेतलं. मला तो प्रकार आवडला. आमटी खरंच पाण्यासारखी होती.

आपल्या घरी न्हाणीत एकच बादली असते. तिथं प्रत्येक पोरीची बादली वेगळी आणि तिच्यावर रंगानं नाव. सकाळी नळापुढे पोरी नाही, बादल्याच रांगेत उभ्या असतात. पोरी आत झोपलेल्या. कुंदानं पास होऊन जाताना आपली बादली तिथंच सोडली होती. ती जिन्याखाली सापडली. तिच्यावर 'कुंदा' लिहिलेलं अजून होतं आणि आत फरशी पुसायचं फडकं होतं. मी म्हटलं, "बघ, तुजी आठवण ठिवलीय." ती हसली नाही.

कॉलेज

रविवारी सकाळी नवी लुगडी नेसून, म्हणजे मी लुगडं आणि ती ड्रेस, आम्ही कॉलेजात गेलो. मांडवाच्या दाराशी दोन पोरी टेबल मांडून बसल्या होत्या. एकीपुढे निळे बिल्ले, दुसरीपुढे लाल. बिल्ल्याला त्या 'बॅच' म्हणत होत्या. हा बॅच निळा द्या, तो बॅच लाल द्या, असं चाललं होतं.

निळ्यावाल्या पोरीनं मान वर न करता विचारलं, "आजी का माजी?"

"आजी," मी म्हटलं. "दिसत न्हाय का?"

तिनं मान वर केली आणि मग कुंदाकडे बघितलं. "आणि ह्या?"

"ही माजी," मी म्हटलं. माझी नाहीतर काय तुझी?

पोरगी काही विचारणार तेवढ्यात कुंदा मधे पडली. "दोन लाल दे गं." एक स्वतःला लावला, एक माझ्या पदराला टोचला आणि मला हाताला धरून झाडांकडे नेलं. एवढी घाई कशाची ते मला कळेना.

कॉलेजात झाडं पुष्कळ आहेत आणि प्रत्येक झाडाला पाटी आहे. वर मराठी नाव, खाली इंग्रजी अक्षरात लांबलचक काहीतरी. कडुलिंबालासुद्धा पाटी. मी म्हटलं, "कडुलिंबाला पाटी कशाला? त्यो काय हरवणार हाय?"

"ह्या पाट्या मी लिवल्यात, आजे. तिसऱ्या वर्षाला."

मी पुन्हा बघितलं. "लिंबाचा 'ब' वाकडा हाय."

"शिडीवर उभं राहून लिवलाय."

ती त्या झाडाची साल बोटानं खरवडत उभी राहिली. मी तिच्याकडे लक्ष दिलं नाही, कारण मला सर हुडकायचा होता आणि अडचण अशी झाली की तिथं सगळेच सर होते. चहा देणारा पोरगा एकाला सर म्हणाला. तो सर दुसऱ्याला सर म्हणाला. सायकली लावून घेणारा शिपाई सगळ्यांनाच सर म्हणत होता. अशानं माझं काम अवघड झालं. मग मी चेहऱ्यावरून हुडकायला लागले. उप्पीट खाताना एक सापडला. तरणाताठा, अंगात घट्ट बनियन, डोळ्यांवर काळा चष्मा, गळ्यात शिट्टी. तो कुंदाला लांबूनच म्हणाला, "काय कुंदा, कधी आलीस?"

मी बशी घेऊन त्याच्याजवळ गेले. "तुमी सर का?"

"हो आजी. खेळाचा."

"कसला खेळ?"

"कबड्डी, खो-खो."

"लगीन झालंय?"

त्याचा घास हातातच राहिला. "झालंय की. दोन मुलं आहेत."

"आन बायकू?"

"तीही आहे."

"मग चष्मा काढून बोलत जावा," मी म्हटलं आणि परत आले. कुंदा म्हणाली, "काय इचारलंस त्यांना?" मी म्हटलं, "उप्पीट."

कार्यक्रम सुरू झाला. भाषणं झाली. भाषणात काय होतं ते मला विचारू नका, मी त्या वेळात चंची उघडली होती. आमच्या मळ्यातलं पान, चुना, कात, सुपारी आणि बऱ्यापैकी तंबाखू. तोंड भरलं आणि लक्षात आलं की भिंतींवर सगळीकडे लिहिलं आहे, येथे थुंकू नये. म्हटलं, भाषण संपलं की लिंबाकडे जाऊ.

तेवढ्यात माइकवरचा पोरगा म्हणाला, "आज आपल्यामध्ये एक अत्यंत ज्येष्ठ माजी विद्यार्थिनी उपस्थित आहेत. या वयातही त्या कॉलेजच्या ओढीने आल्या आहेत. मी त्यांना विनंती करतो." आणि त्यानं माझ्याकडे हात केला. माझ्या पदरावर लाल बिल्ला होता ना.

दोन पोरी येऊन मला उठवायला लागल्या. माझ्या तोंडात पान. नको म्हणायला तोंड उघडलं असतं तर पुढच्या रांगेतल्या पांढऱ्या कपड्यांवर गेलं असतं. मी हातानं नको नको केलं, त्यांना वाटलं लाजते आहे. टाळ्या वाजल्या. मला वाटलं, आज्यांचा मान म्हणाली होती कुंदा, तो हाच असेल. गेले वर. प्राचार्यांनी शाल घातली, नारळ दिला. आणि पोरानं माइक माझ्या तोंडापुढे धरला.

"आजी, आपली बॅच कोणती?"

आता बोलायलाच पाहिजे होतं. मी गिळलं. सगळंच्या सगळं. डोळ्यांपुढे मांडव एकदा डावीकडे गेला आणि परत आला.

"ही काय," मी म्हटलं आणि लाल बिल्ला ओढून दाखवला. "त्या टेबलावरच्या पोरीनं दिली."

मांडव हसला. पोरगा कसंनुसं हसला. "तसं नाही आजी. कोणत्या साली पास झालात?"

"चौथी व्हय? साल आठवत न्हाय. गुरुजी होते ते वारले."

मग तो पोरगा वाकून माझ्या कानात बोलला, पण माइक त्याच्या हातात होता म्हणून सगळ्यांनी ऐकलं. "आजी, आजी म्हणजे आत्ता शिकणारे आणि माजी म्हणजे शिकून गेलेले. तुम्ही इथं शिकलात का?"

तिथं मला कळलं. आजीचा अर्थ कळला आणि माझी नात बीएस्सी आहे, तिला तो पहिल्यापासून माहीत होता, हेही कळलं. मी कुंदाकडे बघितलं, तेव्हा ती ओढणीत गेली. पोराचा हात माझ्या शालीकडे येत होता. मी शाल घट्ट गुंडाळली आणि त्याच्या हातातून माइक घेतला. तंबाखू डोक्यात चढली होती. एरवी मी असं केलं नसतं असं म्हणणार नाही, पण जरा हळू केलं असतं.

"शिकले न्हाय. पर वर आलेच हाय तर इचारते," मी म्हटलं. "माज्या नातीला, कुंदाला, हो म्हणणारा सर कोण हाय? त्यानं उभं ऱ्हावं."

तेव्हा स्टेजवरच्या खुर्चीतून तो टकलू माणूस उठला. हात जोडून म्हणाला, "मीच तो. बोराटे. मी तर केव्हाच हो म्हणालोय, आजी. आता तुमच्यासाठीच अडलंय. तुम्ही फक्त हो म्हणा."

त्यावर मी काय म्हणाले ते वर लिहिलं आहेच.

कुंदा धावत स्टेजवर आली. "आजे, सर नोकरीचं म्हणत्यात. नोकरीचं." माइक माझ्या हातात होता, म्हणून तेही सगळ्यांनी ऐकलं.

बोराटे सरांनी डोक्यावरून हात फिरवला. म्हणाले, "आरसा आहे, आजी. पण त्यात बघायचं मी सोडून दिलंय." मग प्राचार्य पाय चोळत म्हणाले, आता चहा घेऊ या.

प्रयोगशाळा

मला वनस्पतींच्या प्रयोगशाळेत नेऊन स्टुलावर बसवलं. सरांनी ताक मागवलं. माझं डोकं अजून फिरत होतं आणि भोवती कपाटांत बाटल्याच बाटल्या, प्रत्येकीत काहीतरी पिवळ्या पाण्यात बुडवलेलं. एकीत लोणच्यासारखं दिसत होतं, मी विचारलं, तर ती पाण्यातली शेवाळं निघाली.

सरांनी नीट सांगितलं. प्रयोगशाळेत मदतनिसाची जागा निघाली होती. जूनपासून. प्रयोगाची तयारी करायची, पोरांवर लक्ष ठेवायचं, आणि राहायचं मुलींच्या वसतिगृहात, रेक्टरबाईंच्या हाताखाली. मागच्या खेपेला ठेवलेल्या मुलीला तिच्या चुलत्यानं येऊन वर्षाच्या मधेच भांडून नेलं होतं. म्हणून सरांची अट होती की मुलीच्या घरचं कुणीतरी थोरलं माणूस इथं येऊन, बघून, तोंडानं हो म्हणालं पाहिजे. आणि ते आजच, कारण उद्या ते दुसऱ्या मुलीला विचारणार होते.

"बापाला का न्हाय आणलंस?" मी कुंदाला विचारलं.

"त्यानं ट्रॅक्टरची चौकशी केली असती."

"पेपर तूच ठिवलास माज्यापुढं."

"व्हय."

"आज्यांना बोलावलंय म्हणालीस."

"मी म्हणाले, दिसतंय तर तसंच."

"बापानं मला राखण म्हणून धाडलं, आन तू मला गाठुडं म्हणून आणलंस."

"गाठुडं न्हाय, आजे. सांगून आणलं असतं तर आली असतीस का?"

आले नसते. ते तिला माहीत होतं, म्हणून मला जास्त राग आला. मी ताक हळूहळू प्यायले. कुंदाचा रंग गेला होता. सोमवारी बावड्याचे येणार, आज मी नाही म्हटलं की संपलं, हे तिलाही कळत होतं आणि मलाही. मी मुद्दाम थोडा वेळ घेतला. मला मांडवात उभं केलं होतं तिनं, तिलाही जरा उभं राहू दे.

तेवढ्यात दोन पोरं आत आली, मेळाव्याला आलेली, चांगली मिशा फुटलेली. एकानं कपाटातली बाटली काढून हलवायला सुरुवात केली. कुंदा ओरडली, "ठेव ती. हात धुतलेस का?" त्यानं बाटली ठेवली आणि खरोखर हात धुवायला गेला. दुसराही मागोमाग गेला, त्याने तर कशालाच हात लावला नव्हता. आमच्या घरी कुंदा ओरडली तर कोंबडीसुद्धा बाजूला होत नाही.

मी सरांना विचारलं, "हितं जेवणाचं काय?"

"वसतिगृहात मेस आहे. स्वयंपाकाला बायका आहेत."

"म्हंजे हिला भाकरी करावी लागायची न्हाय?"

"नाही."

"कधीच?"

"नाही हो, आजी. तिचं ते कामच नाही."

"मग व्हय," मी म्हटलं.

कुंदा रडायला लागली. मी तिला सांगितलं, रडायचं असेल तर त्या पोरांसमोर रडू नको, मग ती तुझं ऐकून पुन्हा हात धुणार नाहीत. मग आम्ही जेवायला गेलो. मसालेभात, जिलेबी, मठ्ठा. जिलेबी चांगली होती. खेळाचा सर वाढत होता. त्याने चष्मा काढला होता.

परत निमगाव

सोमवारी सकाळच्या गाडीनं आलो. बापाला तू सांगायचं, असं मी कुंदाला बजावलं होतं आणि ती गाडीत मनाशी पाठ करत होती. पण घरी आलो तर दारात जीप उभी. बावड्याचे लवकर आले होते. सोप्यात बसले होते, पुढ्यात ताटात पानं आणि सुपारी मांडलेली. अंकुशनं मला दारातूनच गोठ्याकडे ओढलं.

"आये, घावला का सर?"

"घावला. टक्कल हाय."

"मग? लावला निकाल?"

"लावला. मी हो म्हणून आले."

अंकुश वैरणीच्या ढिगावर बसला. गोठा आणि सोपा यांच्यात एकच भिंत आहे, तीही अर्धी. पलीकडून मुलाची आई म्हणाली, "काय ओ, पोरगी दुसरीकडं दिली म्हंता?"

मी सोप्यात गेले. शाल अंगावर होतीच. "कॉलेजला दिली," मी म्हटलं. "जूनपासनं नोकरी हाय. बारामतीत ऱ्हाणार. सुपारी फुटायच्या आधी सांगतेय, मागनं बोल नको."

"सासरी ऱ्हाऊन करंल का नोकरी?" मुलाच्या बापानं विचारलं.

"बावड्यातनं बारामती? तुमचा ट्रॅक्टर सोडणार हाय का रोज?"

तो यावर खरंच विचार करायला लागला, पण त्याची बायको उठली. चहा मात्र पिऊन गेले. जीप दिसेनाशी झाल्यावर अंकुश म्हणाला, "दोन ट्रॅक्टर हुते, आये." मी म्हटलं, "आन एक पोरगी." तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. कुंदाशी त्याहून जास्त दिवस. जूनमध्ये तिची ट्रंक एसटीच्या टपावर त्यानंच चढवली. बादलीही नवी घेऊन दिली, नाव घालून.

ताटातली सुपारी राहिली होती. ती मी अडकित्त्यानं कातरली आणि पानात घातली.

त्या बावड्याच्या मुलाचं लग्न पुढच्याच महिन्यात झालं, नवी सून चुलीवर भाकऱ्या चांगल्या करते असं कळलं. बोराटे सर रिटायर झाले. जाताना त्यांनी कुंदाजवळ मला निरोप ठेवला, आरसा घेतलाय म्हणून. शाल माझ्याकडे आहे, कॉलेजनं परत मागितली नाही.

तंबाखूचं अख्खं पान गिळलं की माणूस मरतं, असं आमची शेजारीण सांगते. मी गिळलं. मी वाचले, कुंदा वाचली आणि कुंदाच्या भाकरीतून बावड्याची माणसं वाचली.